चाचणीच्या खात्यात सोनू

उत्तरेश्वरने उत्कर्षाचा पुढचा दात आमच्या जिन्यात पाडला तेव्हा मी दारातच उभी होते. त्याने थोबाडीत मारली नाही, मूठ वळून मारली. ती कठड्यावर आदळून खाली बसली. तिच्या अंगावरून पाय टाकून तो माझ्या घरात शिरला आणि सोनूला केसांना धरून बाहेर घेऊन आला. सोनू त्याची बायको आणि उत्कर्षाची धाकटी बहीण. आदल्या दिवशीच ती त्याच्या घरातून पळून आमच्याकडे आली होती. ती ओरडली नाही. पायऱ्यांवर तिच्या टाचा आपटल्याचा आवाज तेवढा खालपर्यंत येत राहिला. मग टेम्पोची फळी बंद झाली आणि तो तिला मांजरीला आपल्या घरी घेऊन गेला.

आम्ही पोलीस चौकीत गेलो. त्यांनी दोघांना बोलावलं. सोनूच्या मागे तो उभा होता, आणि सोनूने सांगितलं की ती न्हाणीत घसरली. उत्कर्षाच्या दाताचं काय, असं मी विचारलं, तर तिथले साहेब म्हणाले, "आजी, मेव्हणी-मेव्हण्यांची बाचाबाची आहे. घरगुती मामला आहे. समजुतीने घ्या."

"दात परत येईल का समजुतीने?" मी म्हटलं. त्यांनी पंख्याकडे बघितलं.

उत्कर्षा माझ्याकडे पेइंग गेस्ट. मूळची आर्वीची, वर्ध्याकडची. खराडीत एका कंपनीत संगणकाचं काम करते. आमच्या यजमानांच्या माघारी घर फार मोठं वाटायला लागलं, म्हणून मागची खोली तिला दिली. मी बिबवेवाडीत राहायला आले तेव्हा संध्याकाळी स्वारगेटहून इकडे यायला रिक्षावाले नाखूश असत. सोसायटीमागे विहीर होती आणि त्यापलीकडे नुसता माळ. आता खिडकीतून हात काढला तर समोरच्यांच्या दोरीवरचा टॉवेल हाताला लागेल. तक्रार नाही, पण आठवण येते.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. ट्रंक कॉल लावण्यात माझं तारुण्य गेलं. एक्याण्णवनंतर कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ उगवले आणि आम्ही बायका हळूहळू निरुपयोगी झालो. पण त्याच्या पुष्कळ आधीची एक गोष्ट मी उत्कर्षाला सांगितली, ती पडलेल्या दाताच्या जागी कापूस धरून बसली होती तेव्हा.

पेठेतली एक बाई आम्हाला फोन करून वेळ विचारायची. "किती वाजले हो?" मी सांगायचे. थोड्या वेळाने पुन्हा तीच. आधी आम्हाला वाटलं, वेडसर असेल. मग कळलं की तिच्या हातात रिसिव्हर असला की नवरा हात उचलत नाही, कारण एक्स्चेंजमधल्या मुलींना ऐकू जाईल. त्यानंतर आम्ही सगळ्याच जणी तिला वेळ सावकाश सांगायला लागलो. एकदा तिचा फोन आला, ती काही बोलली नाही. रिसिव्हर कशावर तरी आपटत होता. भिंतीवर आपटला तर कसा आवाज येतो ते मला माहीत होतं. हा तसा नव्हता, मऊ होता. तो थांबल्यावर पलीकडे कोणीतरी फोन नीट जागेवर ठेवला. त्या नंबरवरून पुन्हा कोणी वेळ विचारली नाही.

उत्कर्षाने तोंडातला कापूस काढून टाकला. मग म्हणाली, "काकू, तुमच्या रेसिपी मला द्या. सगळ्या."

तिच्या डोक्यात काय आलं ते तिने मला चार वेळा समजावलं तेव्हा कुठे मला उमजलं. मोबाइलवर एक ॲप बनवायचं. दिसायला साधं, महाराष्ट्रीय पाककृतींचं. त्यात एक पदार्थ असा ठेवायचा की तो उघडून चित्रावर अंगठा दाबून धरला की ठरवलेल्या माणसांच्या फोनवर निरोप जाईल. बाई संकटात आहे, पत्ता हा. मारणाऱ्याला बायकोच्या हातात फोडणीचं वरण दिसेल.

अडचण अशी होती की उत्तरेश्वरने सोनूच्या फोनवर कुलूप घातलं होतं. लहान मुलांच्या फोनवर आईबाप घालतात तसलं. ती कोणाला फोन करते, काय बघते, सगळं त्याला कळायचं. ॲपच्या ऑनलाइन दुकानात रीतसर यादीत असलेलं ॲपच तिच्या फोनवर उतरायचं, तेही त्याने पाहून होकार दिला तर. पाककृतींना त्याने होकार दिला असता. "जरा चवीचं करायला शीक," असं म्हणून तो तिच्या अंगावर ताट फेकत असे. तेव्हा दुकानाने उत्कर्षाचं ॲप मंजूर केलं तर ते सोनूच्या हातात पडणार, नाहीतर नाही.

निरोपाचा पदार्थ कुठला, यावर आमच्या स्वयंपाकघरात चर्चा झाली. चुकून कोणी उघडायला नको. मी अळूचं फतफतं सुचवलं, उत्तरेश्वरच्या घरात ते कोणी ऐकलेलंही नसणार. खालच्या मजल्यावरचे गोपाळकृष्णराव तेव्हा चहाला आले होते. शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेले, विधुर, आणि ज्यांच्याशी भांडल्याशिवाय माझी दुपार जात नाही असे.

"म्हणजे ज्या घरात फतफतं होतं तिथे बायकांना मार बसत नाही, असं आपलं मत दिसतंय," ते म्हणाले.

"तिथे तोंडाने मारतात," मी म्हटलं.

"मग माझा नंबर घाला त्यात. गाडी आहे माझ्याकडे. चालते अधूनमधून."

सोनूच्या मदतीच्या यादीत आम्ही तिघं. उत्कर्षा, मी आणि गोपाळकृष्णराव.

उत्कर्षाने ऑफिसचं काम सांभाळून ते तयार केलं आणि दुकानाकडे पाठवलं. दुकान म्हणजे कुठल्यातरी परदेशातली माणसं, जी प्रत्येक ॲप उघडून बघतात आणि मग यादीत घेतात. त्यांनी परत पाठवलं. पाककृतींच्या ॲपला बाईचा ठावठिकाणा कशाला लागतो, असं त्यांनी विचारलं. बरोबरच होतं त्यांचं. उत्कर्षाने सगळं खरं लिहून कळवलं. तोवर सोनूचा एक फोटो आला. मांजरीच्या घरासमोर राहणाऱ्या बाईने गुपचूप काढून पाठवलेला. सोनू गॅलरीत कपडे वाळत घालत होती, एका हाताने. दुसरा हात प्लास्टरमध्ये होता.

दुकानाचं दुसरं उत्तर आलं, तुमचं म्हणणं समजलं, पण आम्हाला ते चालवून पाहायचं आहे, चाचणीसाठी एक खातं द्या.

असं खातं बनवताना नाव खोटं घालायचं असतं, पत्ता खोटा, फोन नंबर आपल्याच टेबलावरच्या फोनांचे. उत्कर्षाला हे कोणी शिकवायची गरज नव्हती, तिचा तो रोजचा धंदा. पण तिने ते ॲप पहिल्या दिवसापासून सोनूच्या नावाने, सोनूच्या पत्त्यावर आणि आमच्या नंबरांवर बांधलं होतं. त्या दिवशी घाईत तिने तेच खातं उचलून दुकानाला दिलं. तिच्या डोळ्यांपुढे दुसरी बाईच नव्हती.

रविवारी सकाळी उत्कर्षा कामावर गेली होती. तिच्या कंपनीत काही मजल्यांवर फोन आत नेऊ देत नाहीत, बाहेरच्या कप्प्यात ठेवावा लागतो. मी भाजी निवडत होते आणि माझा फोन असा वाजला की मी विळी उलटवली. पडद्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, सोनू संकटात आहे. मांजरी. खाली पत्ता.

मी जिना उतरते तोवर गोपाळकृष्णराव चप्पल घालून, छत्री घेऊन वर येत होते. उत्कर्षाला फोन लावला, नुसता वाजत राहिला.

"दुकानाने घेतलं वाटतं यादीत," ते म्हणाले. "आणि पोरीने लगेच दाबलं. चला."

हडपसरपर्यंत त्यांनी ज्या वेगाने गाडी चालवली, तशी आयुष्यात चालवली नसेल. मांजरीचं रेल्वे फाटक बंद होतं. एक मालगाडी जात होती, जात होती. मी डोळे मिटले की तो मऊ आवाज यायचा, म्हणून मी डबे मोजत बसले.

उसाच्या शेतांवर उठलेल्या नव्या इमारतींपैकी एकीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. मी बेल दाबली नाही, दार ठोठावलं, दोन्ही हातांनी. दार उघडलं ते उत्तरेश्वरने. बनियन, लुंगी, हातात कांदा. आतून मटणाचा वास येत होता आणि टीव्हीवर क्रिकेट चालू होतं.

"काकू? या की. आज कशी काय वाट चुकली?"

"मारतोस तिला?" गोपाळकृष्णराव धापा टाकत म्हणाले. "निरोप आलाय आम्हाला. कुठेय ती?"

सोनू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. हाताला पीठ लागलेलं. जुन्या जखमांवर खपल्या धरल्या होत्या, नवीन काही नव्हतं. तिने आमच्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. उत्कर्षा. मला कमी ऐकू येतं, म्हणून माझ्या फोनचा आवाज मोठा असतो. तिचं बोलणं त्या खोलीभर ऐकू गेलं. "काकू, कुठे आहात? ते सोनूने नाही केलं. दुकानवाल्यांनी टेस्ट केलंय, माझी चूक झाली. तिच्या फोनवर ॲप नाहीये अजून. परत फिरा, काकू, त्याला कळू देऊ नका."

मी फोन बंद केला. टीव्हीवर कोणीतरी चौकार मारला.

उत्तरेश्वरने कांदा टेबलावर ठेवला. "दाखवा बरं निरोप," तो गोपाळकृष्णरावांना म्हणाला, अगदी अदबीने. त्यांच्या हातातून फोन घेऊन त्याने वाचला. "सोनू संकटात हाय. असं व्हय." तो तिच्याकडे वळला. "कवा केलंस?"

"मी नाही केलं," सोनू म्हणाली. "देवाशपथ, मले काहीच माहीत नाही."

ती खरं बोलत होती.

"गैरसमज झाला त्यांचा," तो आम्हाला म्हणाला. "म्हाताऱ्या माणसांना ह्या फोनचं कळत न्हाई. चहा घेणार का निघणार?"

त्याच्या मानेची शीर उडत होती. आम्ही निघालो की मागे दार बंद होणार आणि मग ती उरणार नाही, हे मला दिसत होतं. मी जाऊन सोफ्यावर बसले.

"चहा नको," मी म्हटलं. "जेवूनच जाऊ."

गोपाळकृष्णरावांनी माझ्याकडे बघितलं. मग तेही बसले. "मी मटण खात नाही," ते म्हणाले, "पण वाट बघायला माझी हरकत नाही."

"उठा," उत्तरेश्वर म्हणाला.

"सोनूला बरोबर घेऊन उठते. माहेरपणाला नेते चार दिवस."

तो हसला. फ्रिजवरचा सोनूचा फोन उचलून त्याने फरशीवर आपटला, टाचेने त्याचा चुरा केला. मग तिच्याकडे गेला. तिचा प्लास्टरमधला हात त्याने धरला आणि दाराच्या चौकटीवर हाणला, एकदा, दोनदा. प्लास्टर फुटलं. या खेपेला ती ओरडली. गोपाळकृष्णरावांनी मागून त्याच्या पाठीत छत्री घातली. त्याने वळून त्यांना छातीवर ढकललं आणि ते काचेच्या शोकेसवर जाऊन पडले. आतल्या कपबश्या त्यांच्या अंगावर कोसळल्या.

दाराच्या मागे खिळ्याला कोयता होता. ऊसतोडीचा, शेत होतं तेव्हाचा. शेत गेलं तरी त्याने त्याची धार ठेवली होती. तो त्याने काढला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काम उरकायचं असावं तसा तो दिसत होता. सोनू भिंतीशी बसली होती. मी मध्ये गेले. मी शूर नाही, पण सोफा आणि भिंत यांच्यात जागाच तेवढी होती. वार तिच्या मानेसाठी होता, तो माझ्या डाव्या हातावर, कोपराखाली पडला. दुखलं नाही. लाकडावर काहीतरी अडकावं तसं वाटलं. त्याने कोयता ओढून काढला आणि माझ्या साडीवर रक्त आलं, खूप, आणि गरम.

त्याने पुन्हा हात वर केला, तेव्हा सोनू भिंतीशी नव्हती. ती स्वयंपाकघरातून आली. तिच्या चांगल्या हातात मटणाचं पातेलं होतं, कडेला कापडाने धरलेलं. उकळता रस्सा तिने त्याच्या तोंडावर फेकला. तो जे ओरडला ते मी इथे लिहीत नाही. कोयता पडला. तो दोन्ही हातांनी चेहरा धरून गुडघ्यावर आला आणि सोनूने रिकाम्या पातेल्याने त्याच्या डोक्यात मारलं. मग खांद्यावर. मग पुन्हा डोक्यात. पितळी पातेलं होतं, प्रत्येक घावाला घणघणायचं. तो आडवा झाला तरी ती मारत होती, अगदी शिस्तीत, मसाला कुटावा तशी.

शोकेसच्या काचांतून गोपाळकृष्णराव म्हणाले, "पुरे गं पोरी. पोलिसांना ओळखता आला पाहिजे."

ती थांबली. पातेलं तिने ओट्यावर नेऊन ठेवलं आणि गॅस बंद केला.

मग दारं उघडली. आतापर्यंत बंद असलेली, त्या मजल्यावरची सगळी. समोरच्या बाईने माझ्या हाताला तिची ओढणी करकचून बांधली आणि रडत राहिली. पोलीस आले, रुग्णवाहिका आली. या खेपेला सोनू न्हाणीत घसरली नव्हती. कोयता आणि माझा हात बघून कोणी घरगुती मामला म्हणालं नाही.

रुग्णालयात माझ्या हाताला टाके घालत होते तेव्हा उत्कर्षा पोहोचली. सोनूच्या हाताला नवीन प्लास्टर चढलं होतं. गोपाळकृष्णरावांच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या आणि ते नर्सला तिच्या पट्टीचा कोन चुकतोय असं सांगत होते. उत्कर्षा बहिणीच्या पायाशी बसली. मग तिने फोन काढला, दुकानाचं उत्तर आलेलं होतं.

"दुकानवाले काय म्हणून राह्यले?" सोनूने विचारलं.

उत्कर्षाने मराठीत वाचलं. "आपण दिलेल्या सूचनांप्रमाणे आम्ही चित्रावर अंगठा दाबून धरला. काहीही घडले नाही. सबब आपले ॲप यादीत घेता येत नाही."

गोपाळकृष्णराव हसायला गेले आणि बरगड्या धरून कळवळले. मलाही हसू आलं, मग रडू आलं, भूल उतरत होती. उत्कर्षा म्हणाली, "माझीच चूक. मी डिलीट करते हे सगळं. एका टेस्ट अकाउंटपायी तुम्ही तिघं मेला असता."

सोनूने तिच्या हातातून फोन घेतला. औषधाची गुंगी होती, त्यामुळे ती हळूहळू बोलत होती.

"ताई, त्याईचं बरोबर हाय. तू मले सांग, मी दाबलं असतं, तर मले काय दिसलं असतं?"

"तुला? तुला रेसिपी दिसली असती. म्हणजे त्याला संशय नको..."

"म्हणजे काहीच नाही. काकू निघाल्या का झोपल्या, मले कसं कळणार? मी तर समजली असती का कोणीच येत नाही." तिने फोन उत्कर्षाला परत दिला. "मी बाल्कनीतून उडी मारली असती, ताई. दोनदा विचार केला होता."

उत्कर्षाने तिच्याकडे बघितलं. तिने ते ॲप घडवलं होतं मारणाऱ्याच्या नजरेतून, त्याला काय दिसू नये याचा विचार करून. मार खाणारीला काय दिसावं, ते राहूनच गेलं होतं.

जरा बरी झाल्यावर ॲपमध्ये काय बदलायचं ते सोनूनेच ठरवलं. माझ्या ओट्याशी बसून, एका हाताने लसूण सोलत. दाबल्यावर पाककृतीची कृती सुरू होईल. मदतीतल्या कोणी निघाल्याचं बटण दाबलं की एक ओळ उमटेल, अळू धुऊन घ्या. जवळ आलं की दुसरी, डाळ-दाणे घाला. दारात पोहोचलं की गॅस बंद करा. नवरा डोकावला तरी त्याला स्वयंपाकच दिसेल. उत्कर्षाने ते बसवलं, या खेपेला चाचणीच्या खात्यात खोटी बाई घातली आणि तिच्या मदतीला स्वतःच्या ऑफिसातली माणसं. दुकानवाल्यांना ओळी उमटताना दिसल्या. ॲप यादीत आलं.

त्याच आठवड्यात वकिलांचा फोन आला. उत्तरेश्वरची एका डोळ्याची दृष्टी गेली आहे, भाजलेलं भरत आलंय, आणि त्याच्या जामिनाचा अर्ज कोर्टात आहे. मिळण्याची शक्यता आहे, असं त्यांनी सरळ सांगितलं.

सोनू आता माझ्याकडेच राहते. मी तिला नवा फोन आणला होता. तिने दुकानातून ते ॲप स्वतः उतरवून घेतलं, कोणाच्या होकाराशिवाय. मग म्हणाली, "काकू, तुम्ही खाली जा. गेटपर्यंत जा, आन मग या."

मी हात गळ्यात अडकवून खाली गेले. गेटशी उभी राहिले. माझा फोन वाजला, लाल अक्षरं आली, आणि खरं सांगते, माहीत असूनही मी आधी खालचा पत्ता वाचला. मी निघाल्याचं बटण दाबलं आणि जिना चढायला लागले, कठडा धरून, वयाच्या मानाने बऱ्यापैकी भराभर. गोपाळकृष्णरावांचं दार उघडलं, तेही पट्टा बांधलेल्या छातीने माझ्यामागे चढू लागले.

वर दाराची साखळी लावलेली होती. फटीतून सोनू फोनकडे बघत उभी होती. आम्ही दोघं उंबऱ्यापर्यंत येईतो ती एकेक ओळ वाचत होती. शेवटची ओळ उमटल्यावर तिने मान वर केली, आम्हाला नीट पाहिलं आणि साखळी काढली.

"आता सुटू दे त्याले जामिनावर," ती म्हणाली.